मदत हवी आहे: प्लाझ्मात कायन्युरेनिनचा पीक फुटतोय

मंडळी, कोल्हापूर-सांगली पट्ट्यात एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आणि त्यापासून शरीरात बनणारं कायन्युरेनिन मोजणारं कुणी आहे का? माझा कायन्युरेनिनचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, प्लाझ्मात (रक्तद्रवात) फुटतोय.

साधा सी-१८ कॉलम (घटक वेगळे करणारी नळी), सोडियम अ‍ॅसिटेट १५ मिलिमोलर, पीएच ४, अ‍ॅसिटोनायट्राइल जेमतेम ३ टक्के. कायन्युरेनिन ३६० नॅनोमीटर तरंगलांबीला मोजतो, ट्रिप्टोफॅन २८० ला. प्रथिनं परक्लोरिक आम्लाने पाडतो, कारण ट्रिप्टोफॅन बहुतांश अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. नुसतं गाळलं तर फक्त मोकळं तेवढंच हाती लागतं.

ट्रिप्टोफॅन ६० मायक्रोमोलरच्या आसपास, ठीक. पाण्यातल्या स्टँडर्डचा कायन्युरेनिन पीकही सुईसारखा. प्लाझ्माचा मात्र खांदा धरून फुटतो. निरोगी माणसात २ मायक्रोमोलरच्या घरात यायला हवं, इथं निम्मंच मोजलं जातं. नमुने क्षयरुग्णांचे आहेत. इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकारशक्तीच्या संदेशक प्रथिनामुळे ट्रिप्टोफॅनचं कायन्युरेनिनकडे रूपांतर करणारं आयडीओ एन्झाइम चेकाळतं आणि कायन्युरेनिन-ट्रिप्टोफॅन गुणोत्तर चढतं. तेच नेमकं खोटं खाली दिसलं तर सगळंच मुसळ केरात.

संशय आम्लावर आहे: ५० मायक्रोलिटर आंबट द्रव एकदम आत गेला की लवकर निघणारे पीक बिघडतात. तुलनेचं अंतर्गत प्रमाण (इंटर्नल स्टँडर्ड) म्हणून नायट्रोटायरोसिन घातलंय, पण ते फुटलेला पीक सांधत नाही.

इंजेक्शन २० वर आणावं, की पोटॅशियम कार्बोनेटने उदासीन करून बर्फावर परक्लोरेट खाली बसवावं? पहिल्यात सिग्नल घटतो, दुसऱ्यात उरलेलं परक्लोरेट कॉलमला बाधेल ही धास्ती.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कुणाकडे जास्त पाणी सोसणारा सी-१८ दोन दिवस मिळेल का?