सहा फुटी नको भाऊ
सर्फिंग शिकायला ६ फुटी शॉर्टबोर्ड (लाटेवर स्वार व्हायची आखूड फळी) स्वस्तात मिळून राहिला, घेऊ का म्हणतोस, तर नको भाऊ. नवशिक्यानं ८-९ फुटी सॉफ्ट-टॉपच घ्यावा, रुंद नि जाड असतो त्यामुळे नीट तरंगतो, बारकी लाटही पकडता येते अन् वरून फोम असल्यानं डोक्यात आपटला तरी जरा कमी लागतं. मी कर्नाटकात मुल्कीला भाड्याच्या बोर्डवर शिकलो, पहिला अख्खा दिवस पोटावर पडून फेसात घसरण्यातच गेला, उभं राहणं तर दूरच. आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावाला काय लाटा येतात का बाप्पा, आधी भाड्यानंच वापर! अन् घेतलाच तर मे महिन्यात गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नको, नागपूरच्या उन्हात वरचा थर फुगून सुटतो. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, मात्र साधारण बोर्डाइतकीच लांब बघ.