ल्योंमध्ये दोन दिवस, सोबत बाबा: मदत हवी आहे

मंडळी, ऑक्टोबरमध्ये बाबांना घेऊन फ्रान्समधल्या ल्योंला जातोय. सोमवार-मंगळवार, दोनच दिवस. बाबांनी आयुष्यभर थिएटरात प्रोजेक्टर चालवला. कार्बनच्या ठिणग्यांचे डाग अजून मनगटावर आहेत. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ज्यांची हलती चित्रं दाखवली गेली, त्या ल्युमिएर बंधूंचं घर त्यांना बघायचंच आहे. पण ते घर आता संग्रहालय आहे आणि सोमवारी बंद असतं, तर ल्योंचं कलासंग्रहालय मंगळवारी बंद! म्हणजे ल्युमिएर मंगळवारी, हे नक्की.

सोमवारी फुर्विएर टेकडीवर फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या चढावरच्या रेल्वेने जाऊ. पण वरच्या रोमन नाट्यगृहाच्या पायऱ्या दुखऱ्या गुडघ्यांना झेपतील का? आणि त्राबूल, म्हणजे घरांच्या पोटातून जाणारे जुने बोळ, कुणी ज्येष्ठांसोबत पाहिलेत का? कृपया अनुभव सांगा.