व्हिटॅमिन डी रिसेप्टरची टेस्ट कोल्हापुरात कुठं होते? अर्जंट

शिरोली_फौंड्री: आईचं डी वाढतच नाही. 60,000 युनिटची पावडर आठवड्याला एक असा पूर्ण कोर्स झाला तरी कालचा रिपोर्ट 12, आधी 9 होतं. हाडं दुखतात, जिना चढताना मांडीत जोर नाही. नेटवर वाचलं की रिसेप्टर, म्हणजे पेशीत डी जिथं चिकटतं तो भाग, खराब असला तर कितीही औषध द्या, उपयोग नाही. ती टेस्ट राजारामपुरीत होते की पुण्याला पाठवतात? माहिती असेल त्यांनीच सांगा, सल्ले नकोत.

तांबडा_पांढरा: सल्ले नकोत म्हणजे आम्ही झोपायचं काय भावा 😀 काकूंना पहाटे रंकाळ्यावर फिरवा, फुकटात डी.

पन्हाळा_ट्रेकर: पहाटे काय मिळणार, गार वारं? यूव्हीबी, म्हणजे उन्हातला एक किरण, लागतो त्याला, ऊन चांगलं वर आल्यावरच. आणि बंद काचेतून तो येत नाही.

तांबडा_पांढरा: आमचे आजोबा गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचे, त्यांना कुठला आलाय यूव्हीबी.

पन्हाळा_ट्रेकर: दुधात कॅल्शियम असतं, डी नावालाच. वरून मिसळलं असेल तर गोष्ट वेगळी.

लॅबवाली_ताई: दूध राहू दे बाजूला. डी ची टेस्ट 25 हायड्रॉक्सीची केली की 1,25 ची? पावडर कशी घेतात? दुसरी औषधं?

शिरोली_फौंड्री: 25 वाली. सकाळी चहाच्या आधी पाण्यातून. बीपी शुगर काही नाही. टेस्ट कुठं होते तेवढं सांगा ना.

लॅबवाली_ताई: दादा, रिसेप्टरवर अडू नका. डी चं लिव्हरमध्ये 25 हायड्रॉक्सी बनतं, तुमच्या रिपोर्टात तेच मोजलंय, पुढं किडनीत त्याचं 1,25 हे कामाचं रूप बनतं आणि रिसेप्टरचं काम तिथनं सुरू. तो पेशीच्या केंद्रकात आरएक्सआर नावाच्या जोडीदाराबरोबर डीएनएवर बसतो आणि आतड्यात कॅल्शियम ओढून घेणारी प्रोटीन्स बनवायला लावतो. तो बिघडला तर 1,25 वाढलेलं दिसतं, 25 चा आकडा त्यानं पडत नाही. शिवाय तो आजार जन्मजात, लहानपणीच मुडदूस होतो, काहींना डोक्यावर केसच येत नाहीत. काकूंचं म्हणजे एकतर अंगी लागत नाही नाहीतर लवकर मोडतंय. डी तेलातुपात विरघळतं, जेवणाबरोबर द्या.

मिसळ_कट: माझे पण केस गळतायत, माझा पण गेला का रिसेप्टर 😭

तांबडा_पांढरा: माक्याचं तेल लाव मर्दा.

शिरोली_फौंड्री: फिटची गोळी आहे फक्त, फेनिटॉइन. पण ती मी शाळेत असल्यापासून चालू, ती काय नवीन नाही.

लॅबवाली_ताई: अहो हे आधी सांगायचं की! फेनिटॉइननं लिव्हरची एन्झाइम्स वाढतात आणि डी भराभर मोडतं. वर्षानुवर्षं घेतली की हाडं मऊ पडू शकतात, जिन्याचं दुखणं त्यातलं असू शकतं.

मिसळ_कट: मग गोळी बंद करायची, विषय संपला.

लॅबवाली_ताई: अजिबात नाही! अचानक बंद केली तर फिट थांबता थांबणार नाही अशी वेळ येऊ शकते. गोळी बदलायची की डी चा डोस वाढवायचा हे न्यूरोवाल्या डॉक्टरांनी ठरवायचं. मनानं पावडर पण वाढवू नका, अती झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं.

शिरोली_फौंड्री: गुरुवारी नंबर लावलाय. जाताना काय काय करून नेऊ?

लॅबवाली_ताई: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन), क्रिएटिनिन. फिटच्या गोळीचं पाकीट बरोबर न्या, नुसतं नाव सांगू नका, डोस बघायला लागतो.

तांबडा_पांढरा: आणि येताना पांढरा रस्सा.