मदत हवी आहे: सिम्युलेशनमधल्या ८०५१ ला सिरियल पोर्टवरून 'ए' पाठवते, पोहोचतं भलतंच काहीतरी

सर्किटवाली

नमस्कार मंडळी. चार रात्री याच्यामागे गेल्या, आता जाणकारांची मदत हवी आहे.

करायचंय ते असं: संगणकावर पायथनमध्ये एक छोटी खिडकी, तिच्यात 'रिले चालू' आणि 'रिले बंद' अशी दोन बटणं. बटण दाबलं की सिरियल पोर्टवरून एक बाइट जाईल आणि प्रोटिअस या सर्किट-सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममधला एटी८९सी५१ (८०५१ कुळातला मायक्रोकंट्रोलर) रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढेल किंवा सोडेल. खरा बोर्ड अजून हातात नाही. तो येईपर्यंत प्रोग्रॅम पक्का करून ठेवायचा आहे, म्हणून सगळं सिम्युलेशनमध्ये चाललंय.

कॉम-झीरो-कॉम हा प्रोग्रॅम वापरून कॉम५ आणि कॉम६ अशी आभासी पोर्टांची जोडी केली आहे. आधी पायथन आणि प्रोटिअस दोघांनाही कॉम५ च दिला होता, त्यामुळे जो दुसरा उघडायला जाईल त्याला 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो, म्हणून जोडी लागते, हे कळण्यात पहिली रात्र गेली. आता पायथन कॉम५ उघडतो आणि प्रोटिअसमधला कॉमपिम (सर्किटमध्ये सिरियल पोर्ट म्हणून ठेवायचा भाग) कॉम६. कॉमपिममध्ये फिजिकल आणि व्हर्च्युअल दोन्ही बॉड रेट (सेकंदाला जाणारे बिट) ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. प्रोग्रॅममध्ये टायमर १ मोड २ मध्ये, टीएच१ मध्ये (बॉड ठरवणारं रजिस्टर) हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातला, एफडी, एससीओएन मध्ये (सिरियल पोर्टची मांडणी ठरवणारं रजिस्टर) हेक्स ५०. सर्किटमध्ये ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपच्या घड्याळाचे ठोके देणारा) आणि ३३ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर काढले आहेत.

'१' हे अक्षर आलं तर रिले चालू, '०' आलं तर बंद, एवढाच प्रोग्रॅम आहे. रिले जागचा हलत नाही.

मग रिले बाजूला ठेवला, पी१ वर (चिपच्या आठ पिनांचा गट, पी१.० ते पी१.७) आठ एलईडी लावले आणि आलेली बाइट जशीच्या तशी त्यांच्यावर दाखवली. 'ए' पाठवला. 'ए' म्हणजे हेक्स ४१, म्हणजे पी१.० आणि पी१.६ पेटायला हवेत. पेटले पी१.० आणि पी१.७. म्हणजे ८१. 'बी' पाठवला तर ४२ च्या जागी ८२. '१' पाठवला तर ३१ च्या जागी ७१. दर वेळी हेच, एकदाही वेगळं नाही. बाइट अधूनमधून बिघडत असती तर कुठेतरी गोंगाट शिरतोय म्हटलं असतं, पण ही चूक ठरल्यासारखी एकसारखी येते. खालचे पाच बिट कायम बरोबर, गडबड फक्त वरच्या तिनांत.

कुठे बघू?

नलमोडेम

पहिली शंका तारांची. आरएक्सडी (घेण्याची पिन) आणि टीएक्सडी (पाठवण्याची पिन) एकमेकांत ओलांडून जोडल्यात की सरळ? दोन यंत्रं जोडताना ओलांडाव्या लागतात. शिवाय मध्ये मॅक्स२३२ (सिरियल पोर्ट आणि चिप यांच्यातली विजेची पातळी बदलणारी चिप) टाकलाय का?

सर्किटवाली

ओलांडूनही पाहिलं. तसं केलं की एकही एलईडी हलत नाही. सरळ जोडलं, म्हणजे आरएक्सडीला आरएक्सडी, की निदान चुकीचं का होईना पण काहीतरी येतं. मॅक्स२३२ सुरुवातीला होता, आता काढलाय.

शून्य_एक

सरळ जोडणीच बरोबर आहे, ती तशीच राहू द्या. कॉमपिम म्हणजे तुमच्या संगणकाचं पोर्टच सर्किटमध्ये आणून बसवलंय असं समजा. पोर्टच्या आरएक्सडीवर बाहेरून जे येतं तेच कॉमपिम आपल्या आरएक्सडी पिनेतून सर्किटला देतो, म्हणून ती पिन चिपच्या आरएक्सडीला जाते. पातळी उलटवण्याचं कामही तो आतच करतो, त्यामुळे मॅक्स२३२ लागत नाही. खऱ्या बोर्डावर मात्र आरएस२३२ पोर्ट वापरणार असाल तर तो लागेलच.

तुमचं निरीक्षण फार उपयोगी आहे. तारेची चूक असती तर सगळीच बाइट बिघडली असती किंवा काहीच आलं नसतं. खालचे बिट शाबूत आणि वरचे सरकलेले, हे वेळेचं लक्षण आहे. खात्रीसाठी एक करा. प्रोटिअसमधला व्हर्च्युअल टर्मिनल (तारेवरून आलेली अक्षरं दाखवणारी खिडकी) घ्या, ९६०० वर ठेवा आणि त्याची आरएक्सडी पिन त्याच तारेवर जोडा ज्यावर चिपची आरएक्सडी आहे. 'ए' पाठवा आणि टर्मिनलवर काय उमटतं ते सांगा.

सर्किटवाली

टर्मिनलवर 'ए' स्वच्छ उमटला! आणि त्याच क्षणी एलईडींवर ८१. म्हणजे तारेवर बरोबर जातंय आणि चिपच चुकीचं वाचतेय. पण टीएच१ तर तपासलाय, ११.०५९२ ला ९६०० साठी एफडीच येतो ना?

शून्य_एक

येतो. ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ ने भागा, मग ३२ ने, की २८,८०० उरतात. एफडी म्हणजे २५६ ला ३ कमी, म्हणून ३ ने भागलं की नेमके ९६००. हा विचित्र आकड्याचा क्रिस्टल त्यासाठीच वापरतात.

आता सिम्युलेशनमध्ये चिपवरच दोनदा क्लिक करा. गुणधर्मांच्या खिडकीत 'क्लॉक फ्रिक्वेन्सी' नावाचा रकाना आहे. तिथे बहुतेक १२ मेगाहर्ट्झ असेल. प्रोटिअस चिपचं घड्याळ त्या रकान्यातून घेतो. तुम्ही शेजारी काढलेला क्रिस्टल चित्रापुरता आहे. तो पूर्ण पुसून टाकलात तरी सिम्युलेशन तसंच चालेल.

१२ मेगाहर्ट्झवर एफडी म्हणजे सुमारे १०,४१७ बॉड, साडेआठ टक्के जलद. तारेवरचा एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, पण चिप समजते ९६ चा. चिप प्रत्येक बिट मधोमध तपासते. स्टार्ट बिटापासून मोजायला लागली की दर बिटाला ती ८ मायक्रोसेकंद लवकर पोहोचते. पहिले पाच डेटा बिट त्यातून निभावतात. सहाव्यापाशी ती अगदी उंबरठ्यावर असते. सातवा वाचायला जाते तेव्हा तारेवर अजून सहावाच असतो, आठवा वाचायला जाते तेव्हा सातवा. तुमच्या 'ए' मधला पी१.६ चा बिट पी१.७ वर दिसला तो असा. '१' मध्येही तेच: पाचवा आणि सहावा बिट आधीच १ आहेत, सहावा परत एकदा सातव्याच्या जागी वाचला गेला, ३१ चे झाले ७१. प्रोग्रॅम ३१ ची वाट बघत बसला, रिले कसा हलणार?

सर्किटवाली

१२ च होते. ११.०५९२ केले आणि 'ए' पाठवला: पी१.० आणि पी१.६. रिले परत जोडला, बटण दाबलं, त्याचा संपर्क पडद्यावर सरकला. दहा वेळा दाबून पाहिलं. मनापासून आभार!

आता पुढची अडचण. एका बटणावर तीस कमांडची रांग पाठवायची आहे, रिले आणि मोटर क्रमाने चालवायला. पहिली कमांड बरोबर चालते, मधल्या गायब होतात. रिले स्थिर व्हावा म्हणून प्रत्येक कमांडनंतर चिपमध्ये ५० मिलिसेकंदांचा डिले लूप आहे. पायथनमध्येही प्रत्येक बाइटनंतर ५० चा विराम देऊन पाहिला, तरी मोटर सुरू झाली की गळतात.

नलमोडेम

तारांबद्दल माझा अंदाज चुकला होता, हे मात्र नक्की सांगता येईल. ९६०० वर स्टार्ट आणि स्टॉप धरून बाइटला १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट, एक बाइट साधारण १.०४ मिलिसेकंदात. ८०५१ च्या एसबफमध्ये (आलेली बाइट ठेवायचं रजिस्टर) वाचायची राहिलेली एकच बाइट टिकते. ती उचलण्याआधी पुढची पूर्ण आली की एक गेलीच. तुमचा डिले लूप चालू असताना सलग पाठवलेली अख्खी रांग निघून जाते. सिरियल इंटरप्ट, म्हणजे बाइट आली की चालू काम थांबवून आपोआप चालणारा तुकडा, वापरा (काइल कंपायलरमध्ये क्रमांक ४), त्यात बाइट उचलून एका गोल बफरमध्ये ठेवा आणि मुख्य लूपला सवडीने काढू द्या. बाइट आल्याची खूण असलेला आरआय बिट स्वतः शून्य करायला विसरू नका. पाठवण्याचा टीआयही त्याच इंटरप्टवर येतो, तोही तपासून स्वतःच शून्य करायचा.

शून्य_एक

यात एक भर. मोटरसारखा भाग आला की सिम्युलेशन संगणकाला जड जातं आणि खऱ्या वेळेच्या मागे पडतं. तेव्हा पायथनचे ५० मिलिसेकंद आणि सर्किटमधले ५० मिलिसेकंद एक राहत नाहीत. तुमचा विराम म्हणूनच फसला. वेळेवर विसंबू नका, उत्तरावर विसंबा. कमांड पूर्ण झाली की चिपने 'के' परत पाठवावा आणि पायथनने 'के' वाचल्याशिवाय पुढची बाइट सोडू नये. पायसिरियलमध्ये (पायथनची सिरियल पोर्टची लायब्ररी) वाचण्याला टाइमआउट द्या, दोन सेकंद पुरेत, नाहीतर एक 'के' हरवला की खिडकी गोठून बसेल.

सर्किटवाली

दोन्ही केलं. तीस कमांड, तीस 'के', मोटर चालू असतानाही. मग मुद्दाम सिम्युलेशन मध्येच थांबवलं. पायथन दोन सेकंद थांबला, 'उत्तर आलं नाही, कमांड १७' असं दाखवून नीट उभा राहिला. परत सुरू केल्यावर १७ पासून पुढे पाठवता आलं.

खऱ्या बोर्डासाठी मिळणारा क्रिस्टल १२ चाच निघाला तर टीएच१ मध्ये हेक्स एफ३ टाकून २४०० बॉडवर जायचं, असं गणित मी मांडलंय. १२ मेगाहर्ट्झला १२ ने आणि मग ३२ ने भागून ३१,२५०, ते भागिले १३ म्हणजे सुमारे २४०४, चूक ०.१६ टक्के. बरोबर आहे ना?

शून्य_एक

बरोबर. एसएमओडी (बॉड दुप्पट करणारा बिट) १ केलात तर त्याच एफ३ वर ४८०० ही मिळतील. पायथन आणि कॉमपिम दोन्हीकडे बॉड बदला, आणि चिपच्या त्या रकान्यात परत १२ लिहा.