गोरे अधिकारी गेले म्हणून दक्षिण आफ्रिका बुडाली?

वैनगंगा (धागालेखिका)

परवा इथे एका सभासदाने दक्षिण आफ्रिकेवर पोस्ट टाकली. सार असं: १९९४ला मंडेला आले, लायक गोरे अधिकारी घरी पाठवले, रंग बघून माणसं भरली आणि तीस वर्षांत वीज, पाणी, रेल्वे सगळं गेलं. "गुणवत्ता सोडली की असंच होतं", आणि शेवटी आपल्याकडच्या आरक्षणाला टोमणा. खाली 'अगदी खरं'ची रांग. मी चौदा वर्षं जोहान्सबर्गला राहते. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

पहिली गोष्ट, अधिकारी घरी पाठवलेच नव्हते. वर्णभेदी गोरं सरकार आणि मंडेलांचा पक्ष एएनसी यांच्या वाटाघाटी अडल्या तेव्हा १९९२ला जो स्लोवोंनी, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या नेत्याने, तोडगा सुचवला की जुन्या नोकरदारांच्या नोकऱ्या पाच वर्षं सुरक्षित ठेवू. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ख्रिस स्टाल्स जुन्या राजवटीतले, ते १९९९पर्यंत त्याच खुर्चीत होते.

आणि ते 'लायक' प्रशासन होतं तरी कुणासाठी? काळ्यांसाठी वेगळे काढलेले दहा प्रदेश, म्हणजे बांटुस्तानं, प्रत्येकाची वेगळी खाती, वेगळे पगार, वेगळी दप्तरं. हा सगळा पसारा एकत्र करून नऊ प्रांत उभे करायचे होते. १९५३च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांना मजुरीपुरतंच शिकवायचं असं ठरवून टाकलं होतं. चाळीस वर्षं शिकू द्यायचं नाही आणि मग गुणवत्ता कुठे आहे म्हणून विचारायचं, याचा मला संताप येतो.

बिघडलं ते वेगळ्या ठिकाणी. १९९७च्या माफिकेंग अधिवेशनापासून एएनसीने पक्षाची माणसं सरकारी जागांवर 'तैनात' करायचं धोरण पक्कं केलं. खात्याचा सचिव कोण, महामंडळावर कोण, नगरपालिकेचा मुख्याधिकारी कोण, हे पक्षाच्या समितीत ठरायला लागलं. तिथे निष्ठा बघत होते. करखात्याचंच घ्या. प्रवीण गोर्धन यांनी १९९९ ते २००९ ते खातं इतकं चोख उभं केलं की वसुली दरवर्षी वाढत गेली. २०१४ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष झुमांनी टॉम मोयाने आणले आणि चार वर्षांत अनुभवी लोक बाहेर फेकले गेले. चौकशी करणाऱ्या न्यूजंट आयोगाने ते सगळं नोंदवलंय. २०१९ला एडवर्ड कीस्वेटर आले आणि खातं पुन्हा सावरलं. तिघांतला एकही गोरा नाही. आता सांगा, रंगाचा सिद्धांत कुठे बसवायचा?

निवृत्त_अभियंता

ताई, ती पोस्ट माझी नाही, पण मी तिथे सहमती दिली होती, म्हणून उत्तर देणं भाग आहे. करखातं म्हणजे कागद आणि संगणक. तुम्ही वीज सोडून दिलीत.

२००१ला तिथल्या सरकारी एस्कॉमला जगातली सर्वोत्तम वीज कंपनी म्हणून पुरस्कार मिळाला होता. २०२३ला तिथे भारनियमनाची स्टेज सहा, दिवसाचे आठ-दहा तास अंधार. मधल्या काळात काय झालं? अनुभवी माणसं पैसे देऊन सोडवली आणि भरती-बढतीत वंशाची टक्केवारी आली. मी औष्णिक केंद्रात ३३ वर्षं काढली. आमच्याकडे एक फिटर होते, सातवी शिकलेले. बॉयलरजवळून चालता चालता थांबायचे आणि म्हणायचे, "साहेब, डाव्या बाजूला ट्यूब गळतेय." उपकरणावर काहीच दिसायचं नाही. दुसऱ्या दिवशी दिसायचं. असा माणूस घरी पाठवला तर त्याची जागा भरायला तीस वर्षं लागतात, मग नवा माणूस कुठल्याही रंगाचा असो.

वैनगंगा

काका, ते फिटर सातवी शिकलेले होते, हे तुम्हीच लिहिलंत. परवाच्या पोस्टच्या हिशेबात ते 'गुणवत्ते'त बसले नसते.

विजेचं आता ऐका. १९९८च्या सरकारी धोरणपत्रातच लिहून ठेवलं होतं की २००७च्या सुमारास वीज कमी पडेल. सरकारने खाजगी गुंतवणूक येईल या आशेवर एस्कॉमला कित्येक वर्षं नवं केंद्र बांधू दिलं नाही. परवानगी दिली २००४ला. डिसेंबर २००७ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष म्बेकींनी जाहीर कबूल केलं की एस्कॉमचं बरोबर होतं, सरकारचं चुकलं. म्हणजे तुम्ही ज्यांना बोल लावताय त्या तंत्रज्ञांनी वेळेवर सांगितलं होतं आणि मंत्रिमंडळाने ऐकलं नाही.

मग घाईघाईत मेदुपी आणि कुसिले ही वीजकेंद्रं काढली. बॉयलरचं कंत्राट हिटाचीला मिळालं, आणि हिटाचीच्या तिथल्या कंपनीत पंचवीस टक्के वाटा कुणाचा? चॅन्सलर हाउसचा, म्हणजे एएनसीच्याच गुंतवणूक कंपनीचा. २०१५ला अमेरिकेच्या बाजार नियामकाशी तडजोड करून हिटाचीने एक कोटी नव्वद लाख डॉलर भरले. यात वंशाची टक्केवारी कुठे आली?

निवृत्त_अभियंता

हिटाचीचं मला माहीत नव्हतं. माहिती घेतली, तुम्ही म्हणता ते खरं आहे. ज्याने माल घ्यायचा त्याच्याच पक्षाचा विकणाऱ्यात वाटा, हे भयंकर आहे. तेवढं मान्य.

पण मेदुपीचं चौथं युनिट ऑगस्ट २०२१ला उडालं ते कंत्राटामुळे नाही. जनरेटरमधला हायड्रोजन बाहेर काढताना ठरलेली पद्धत पाळली नाही. आधी कार्बन डायऑक्साइड भरायचा, मग हवा. हायड्रोजन आणि हवा एकत्र आले की स्फोट, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही पाठ असायचं. संपूर्ण केंद्र पूर्ण झाल्याचं जाहीर करून जेमतेम आठवडा झाला होता! देखभाल पुढे ढकलायची, दिवे कसेही करून चालू ठेवायचे, ही सवय त्यांना आधीच लागली होती. आणि जुलै २०२२ला राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी स्वतः भाषणात सांगितलं की जुने अनुभवी प्लांट मॅनेजर परत आणू. मार्च २०२४पासून दहा महिने सलग भारनियमन नव्हतं. अनुभव परत आला तेव्हा वीज आली.

अभ्यासिका_४१३

बॉयलरवर चर्चा चालू द्या, पण मूळ पोस्टमधल्या त्या टोमण्याचं काय? त्याला 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांत तुम्ही होतात. मी आरक्षणातून परीक्षा देतो. दोनदा यादीत नाव आलं. एका खात्यात नेमणूक दीड वर्ष अडली, त्याच टेबलावर कुणाच्या तरी ओळखीचा कंत्राटी मुलगा बसवला. त्याची गुणवत्ता कुणी विचारली नाही. माझी मात्र गावातला प्रत्येक जण विचारतो. दक्षिण आफ्रिकेच्या नावाने आमच्यावर दगड मारायचे असतील तर सरळ मारा.

निवृत्त_अभियंता

शब्द माझ्या तोंडात घालू नका. मी आरक्षणावर एक अक्षर लिहिलेलं नाही. बॉयलरला जात नसते, हे मी आयुष्यभर सांगत आलोय.

अभ्यासिका_४१३

बॉयलरला नसते. बॉयलरवर कुणाला उभं करायचं हे ठरवणाऱ्याला असते.

डर्बनकर

तुम्ही दोघं पुण्या-नागपुरात बसून भांडा. मी जुलै २०२१ला इथे होतो. न्यायालयाच्या अवमानासाठी झुमांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, ते तुरुंगात गेले आणि दोन दिवसांत आमच्या भागातली गोदामं जळत होती. साडेतीनशेच्या वर माणसं मेली. तीन रात्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी टायर रचून आम्ही उभे होतो. माझ्या हातात मुलाची हॉकी स्टिक. फोन लावत होतो, उचलत कुणी नव्हतं. आणि जवळच्या फीनिक्समध्ये, जिथे गांधींचा आश्रम आहे त्याच भागात, ३६ माणसं मारली गेली, बहुतेक काळी. अडवणारे, गोळ्या झाडणारे यांत आपल्या, भारतीय वंशाचे लोक होते. ते लिहिताना मला लाज वाटते.

वैनगंगाताई, तुम्ही नेमणुकीच्या पद्धतीवर फार भर देताय. पब्लिक प्रोटेक्टरचं, म्हणजे सरकारी गैरकारभाराची चौकशी करणाऱ्या लोकपालासारखं पद बघा. तीच राज्यघटना, तीच सात वर्षांची मुदत. थुली मडोन्सेलांनी त्या खुर्चीतून २०१४ला न्कांडलाचा अहवाल दिला, झुमांच्या घरावरचा सरकारी खर्च बाहेर काढला, आणि २०१६ला घटना न्यायालयाने तो झुमांवर बंधनकारक ठरवला. त्यांच्यानंतर त्याच खुर्चीत बुसिसिवे म्ख्वेबाने आल्या आणि २०२३ला संसदेला त्यांना काढावं लागलं. पद्धत तीच होती. माणूस बदलला.

मुक्ताई

माणूस चांगला हवा म्हणता ना? मग म्बेकींचं काय करायचं? विद्वान, कष्टाळू, झुमांसारखं लुटारूंच्या कह्यात गेलेलं त्यांचं सरकार नव्हतं. आणि त्याच माणसाने एचआयव्हीमुळे एड्स होतो यावर शंका घेत औषधं अडवली. आरोग्यमंत्री लसूण आणि बीट खा म्हणून सांगत होत्या. हार्वर्डच्या २००८च्या अभ्यासाचा अंदाज तीन लाख तीस हजारांहून जास्त मृत्यूंचा आहे. माझी मावसबहीण तेव्हा तिकडे नर्स होती. गरोदर बायकांना परत पाठवताना काय सांगायचं हे तिला कळत नसे. सरकारला अडवलं ते २००२ला घटना न्यायालयाने, तेही एड्सच्या औषधांसाठी लढणारे ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेनवाले खटला लढले म्हणून. आज तिथे पन्नास लाखांवर लोक औषधोपचारावर आहेत. मला तरी न्यायालय आणि रस्त्यावरची माणसं, या दोघांवरच भरवसा वाटतो.

वैनगंगा

डर्बनकर, मडोन्सेला-म्ख्वेबाने यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी पद्धतीवर जास्त वजन टाकलं, हे कबूल. पण म्ख्वेबानेंना काढता आलं, तेही घटनेतल्या कलमानेच. पक्षाने बसवलेल्या नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याला कोण काढणार? २५७ नगरपालिकांपैकी स्वच्छ लेखापरीक्षण मिळवणाऱ्या पाचव्या हिश्श्याइतक्याही नाहीत. आमच्या शहरात २०२१च्या निवडणुकीनंतर चार वेगवेगळी माणसं महापौर झाली, त्यातली दोन २७०मधल्या तीन जागा असलेल्या पक्षाची. रस्त्यावरचे खड्डे शेजारी मिळून बुजवतो.

काका, अनुभवाचा मुद्दा मलाही पटतो, फक्त तो गोऱ्यांचाच असतो हे नाही. एका सरकारी कार्यालयात 'सिस्टीम ऑफलाइन' म्हणून पाचशे माणसं उन्हात उभी होती. खिडकीतल्या काळ्या बाईंनी स्वतःची वही काढली, सगळ्यांची नावं क्रमाने लिहिली आणि दुसऱ्या दिवशी त्याच क्रमाने हाक मारली. वीस वर्षं त्या तिथे आहेत, बढती नाही. त्यांच्या वरचा साहेब दर दोन वर्षांनी बदलतो, वरून येतो.

निवृत्त_अभियंता

'वरून येतो' म्हणजे त्या समितीकडून ना? मग समितीच्या नोंदी असतील. कुणाला का निवडलं, बघता येईल.

वैनगंगा

विरोधी पक्ष न्यायालयात गेला, फेब्रुवारी २०२४ला नोंदी द्यायचा आदेश कायम झाला. नोंदी मिळाल्या. पण २०१३ ते २०१७, समितीचे अध्यक्ष रामाफोसा होते त्या काळाची इतिवृत्तंच नाहीत.

निवृत्त_अभियंता

आमच्याकडे शिफ्टच्या लॉगबुकवर सही झाल्याशिवाय गेटबाहेर जाता येत नसे. व्हॉल्व्ह किती फिरवला तेही लिहायचो. देशाची पदं भरली आणि लिहून ठेवलं नाही? मग मी 'अगदी खरं' मागे घेतो. अनुभवी माणसं घालवली, ते मागे घेत नाही.

अभ्यासिका_४१३

त्या पोस्टखाली जाऊन लिहा, इथे नाही.

निवृत्त_अभियंता

लिहिलं आत्ताच.

डर्बनकर

फीनिक्सवर कुणीच बोललं नाही.