नव्या माध्यमिक शाळेत एकात्मिक अभ्यासक्रम: काय जोडावे, काय स्वतंत्र ठेवावे?

प्रश्न (मुख्याध्यापिका, सोलापूर जिल्हा)

नमस्कार. आमची माध्यमिक शाळा येत्या जूनपासून आठवी आणि नववी या इयत्तांनी सुरू होत आहे. विषयांचे शिक्षण एकमेकांशी जोडलेले असावे, अशी संस्थाचालकांची आणि माझीही मनापासून इच्छा आहे. त्यासाठी ‘पाणी’ हे सूत्र ठरले. परंतु प्रत्येक शिक्षकाने आपापली प्रकरणे त्याखाली मांडून आणली, तेव्हा पावसाच्या कविता, द्रावणे, नदीचे कार्य आणि टाकीची उदाहरणे एका कागदावर आली, एवढेच. दुसरीकडे पालकांना दहावीची चिंता आहे, कारण बोर्डाच्या परीक्षेत विज्ञान आणि गणित यांच्या प्रत्येकी 40 गुणांच्या दोन-दोन प्रश्नपत्रिका स्वतंत्रच असतात. आराखड्याची सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, वर्धा)

मॅडम, तुमच्याकडे सूत्र आहे, पण मुलांना सोडवायला प्रश्न नाही. ऑक्टोबर 1937 मधील वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने नई तालीमची, म्हणजे गांधीजींच्या मूलोद्योगी शिक्षणाची, जी योजना आखली, तिच्यात सूतकताईसारखा हस्तोद्योग केंद्रस्थानी होता आणि इतर विषय समवायाने, म्हणजे त्या उद्योगाशी जोडून, शिकवायचे होते. कामातच अडचण उभी राहिली की समवाय जिवंत होतो. प्रत्येक धडा चरख्याला बांधण्याचा अट्टाहास केला की तो ओढूनताणून आणलेला वाटतो, आणि त्यावर झालेली टीका मला रास्तच वाटते.

म्हणून ‘आपल्या गावाला मेअखेरपर्यंत पाणी पुरेल का?’ असे विचारून पाहा. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पावसानुसार पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पिके त्यावर ठरतात. तसाच ताळेबंद मुलांनी आपल्या गावाचा मांडावा. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला तर 10,000 लिटर पाणी होते, हे त्यांनी स्वतः काढावे. मग त्यातले वाहून किती गेले आणि मुरले किती, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. शेजारशेजारच्या दोन विहिरींची पातळी दर पंधरवड्याला दोरीने मोजली आणि एक फेब्रुवारीतच आटली, तर आपल्याकडच्या काळ्या कातळाच्या (बेसॉल्टच्या) भेगांत पाणी कसे साठते, हे जाणून घेण्याची गरज मुलांनाच वाटेल. हा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा म्हटला की निवेदनलेखनालाही खरा वाचक मिळतो.

उत्तर २ (गणित शिक्षिका, नाशिक)

सरांच्या म्हणण्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु गणिताबाबत सावध राहावे. सांख्यिकी, घनफळ आणि प्रमाण या कामात सहज येतात. बहुपदी आणि भूमितीतील सिद्धता येत नाहीत, आणि त्यांना तिथे ओढून आणूही नये. बीजगणितात आधीची पायरी कच्ची राहिली की पुढची चढता येत नाही, आणि याची किंमत मुलांना दहावीत मोजावी लागते. म्हणून गणिताच्या तासिका स्वतंत्र आणि क्रमवार ठेवून आठवड्यात दोन जोडतासिका एकत्रित कामाला द्याव्यात. नववीच्या भूगोलात वृष्टीचे प्रकरण आहे आणि जलसुरक्षा हा विषयही आहे. त्यांच्या तासिका आणि प्रकल्प याच कामाला जोडले, तर बराचसा वेळ आहे त्या वेळापत्रकातूनच निघेल. कोणते प्रकरण कोठे शिकवले जाईल, याचा तक्ता पालकांना पहिल्याच सभेत दाखवावा.

उत्तर ३ (शिक्षक-प्रशिक्षक, पुणे)

तासिकांइतकाच शिक्षकांचा एकत्र वेळ महत्त्वाचा आहे, आणि नव्या शाळांत नेमका तोच राहून जातो. विज्ञान, भूगोल, गणित आणि मराठीच्या शिक्षकांना आठवड्यातून एक तास शाळेच्या वेळेतच एकत्र बसता यावे, असे वेळापत्रक करावे. शाळा सुटल्यानंतरच्या बैठका दिवाळीपर्यंत बंद पडतात. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाची कार्यपद्धती या शिक्षकांनी अवश्य पाहून यावी, कारण तिथे मुले गावाला उपयोगी पडणारे काम करता करता शिकतात.

मूल्यमापनासाठी प्रत्येक मुलाची एकच नोंदवही ठेवावी आणि ती दोन विषयांच्या शिक्षकांनी तपासावी: एकाने मोजमापाची अचूकता पाहावी, दुसऱ्याने निष्कर्षामागचा युक्तिवाद. मृगाच्या सरींपूर्वी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसायला हवा आणि विहीरमालकांची संमतीही हाती हवी, तेव्हा ही दोन्ही कामे मे महिन्यातच उरकावीत.