गडावरची पोरं, भगवा आणि सिमेंट

कातळटाके:
काल इथे एकाने लिहिलं की संवर्धनाच्या नावाखाली पोरं गडावर फक्त घोषणा द्यायला जातात, फेटे बांधून फोटो काढतात. गड पुरातत्त्व खात्यावर सोडा. वाचून डोकं फिरलं. महाराजांवर श्रद्धा नसती तर रविवारी पहाटे उठून घमेली-फावडी घेऊन कोण चढलं असतं? टाक्यातला, म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या साठ्यातला, गाळ काढायला तळापासून काठापर्यंत माणसांची साखळी लागते, वीस-पंचवीस जणांची. मधला एक थकला की सगळी साखळी थांबते. एवढे हात श्रद्धेमुळेच मिळतात.

जोत्याचा_दगड:
हात मिळतात, कबूल. पण त्याच श्रद्धेपोटी बुरुजावर ध्वजासाठी लोखंडी पाइप ठोकतात. लोखंड गंजलं की फुगतं, दगड तडकतो, पाणी आत शिरतं. दीपोत्सवाचं तेल पायऱ्यांत मुरतं, त्यावर धूळ बसते आणि पावसाळ्यात तिथेच पाय घसरतो. आणि टाक्यातला गाळ? चाळणी न लावता सरळ दरीत. खापर, शिवराई (शिवकालीन तांब्याचं नाणं) कुठल्या थरात सापडली याची नोंद गेली की ती वस्तू मुकी झाली.

सह्यवाट:
‘खात्यावर सोडा’ म्हणणाऱ्यांसाठी. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांपैकी ८ केंद्राकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड राज्याकडे. यादीबाहेरच्या कित्येक गडांना साधं संरक्षित स्मारकाचं कवचही नाही. ते कोणावर सोडायचे?

माचीवरचा:
ढासळलेले दगड पोरांनी सिमेंटमध्ये बसवले तर बिघडलं काय? तट उभा तर राहतो!

जोत्याचा_दगड:
नाही राहत! सिमेंट पाणी बाहेर सोडत नाही. तटाच्या पोटातली माती पावसात भिजते, पाणी सांध्यातून झिरपायला वाट मिळत नाही, मागून दाब येतो आणि भिंत पोट काढते. मग दगडांसकट सगळा पट्टा कोसळतो. चुन्याचा सांधा श्वास घेतो. आणि मुळात तो भाग कोरड्या रचाईचा, म्हणजे सांध्यात काहीच न भरता नुसते दगड रचलेला, असेल तर चुनाही घालायचा नाही.

माचीवरचा:
चुना वर कसा नेणार? भिजवणार कुठे? बोलणं सोपं आहे.

जोत्याचा_दगड:
कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, पायथ्याला भिजवा. चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उसळून डोळ्यांत गेला तर डोळे जातात, चष्मा हवाच. निदान महिनाभर पाण्याखाली ठेवा, मग गाळून लोण्यासारखा मऊ चुना काढा. साधारण एकास तीन: एक भाग चुना, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) मिळून तीन. पण आधी जुन्या चुन्याचा तुकडा तपासून घ्या, प्रमाण त्यावरून ठरतं. चुन्याच्या घाण्यात, दगडी चाकाखाली मळायचं, गूळ, हिरडा, बेलफळाचा गर जाणकाराला विचारूनच. भरल्यावर ओलं गोणपाट टाकून दोन-तीन आठवडे ओल राखायची. उन्हात घाईने सुकला की चुना भुगा होतो. मोहीम एका रविवारची आणि चुना महिन्याचा, घोडं अडतं ते इथे.

माचीवरचा:
ठीक. सिमेंटचं मागे घेतो. पण तीन आठवडे गोणपाट भिजवायला गडावर राहणार कोण, ते सांगा!

वाघजाई_पठार:
आधी शिवजयंती तारखेची की तिथीची ते मिटवा. १९ फेब्रुवारीवाले फाल्गुन वद्य तृतीयेवाल्यांच्या मोहिमेला जात नाहीत, म्हणून एकाच गडावर दोन गट आणि अर्धवट उपसलेली दोन टाकी. मोहीम दोन दिवसांची ठरवताना मुलींसाठी आडोसा कुठे, हे कोणी विचारत नाही. मग मुली येत नाहीत, आणि ‘मुलींना आवड नाही’ म्हणून मोकळे!

कातळटाके:
मुलींचं बरोबर आहे, हे आमच्याकडून राहिलंय. तारखेवर वाद घालणार नाही. पाइपचंही मान्य, पण ध्वज खाली घेणार नाही. बुरुजाला भोक न पाडता, मागच्या मातीत दगडांचं वजन ठेवून लाकडी काठी उभी राहते. चाळणी पुढच्या वेळी नेतो. अन् गोणपाट भिजवायला गडाच्या पायथ्याच्या वाडीतली माणसं लागतील, रोजाने. त्याचे पैसे टी-शर्टच्या खर्चातून काढा.

माचीवरचा:
टी-शर्ट नसला तर निम्मी पोरं येणार नाहीत.

जोत्याचा_दगड:
मग दहाच घ्या. पण तीच दहा तिन्ही आठवडे यायला हवीत.